आईला सुईचं नाकं दिसायचं

संध्याकाळी आमच्या घरी लोक डोळे दाखवायला यायचे. बाबा डॉक्टर नव्हते, बांधकाम खात्यात कारकून होते. पण लकडगंजातल्या लाकडाच्या एका व्यापाऱ्याने दर हिवाळ्यात धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर भरवायला सुरुवात केली आणि बाबा तिथे स्वयंसेवक म्हणून जे चिकटले ते चिकटलेच. शहराबाहेरचं बेसा तेव्हा खेडं होतं. सायकलवर तिथपर्यंत आणि त्याच्याही पुढे जाऊन ते म्हातारे-म्हाताऱ्या गोळा करून आणायचे. ऑपरेशन डॉक्टरांनी करायचं; पट्टी बांधलेल्यांना ओळीने झोपवणं, हलू नका म्हणून दटावणं, नंतर जाड भिंगांचे चष्मे वाटणं, हे सगळं बाबांकडे. पट्टी सुटल्यावर एखादी म्हातारी नातवाकडे टक लावून पाहत राहायची. ते पाहून आलेले बाबा त्या रात्री दोन घास जास्त जेवायचे.

सत्तर सालाच्या पुढेमागे आमच्याकडे डोळ्याचा रोग म्हणजे मोतीबिंदू. दुसरा काही असतो हे आमच्या गल्लीत तरी कोणाच्या कानावर नव्हतं. भिंतींवर तेच रंगवलेलं, रिक्षात बसवलेल्या भोंग्यातून तेच, टॉकीजमध्ये सिनेमाच्या आधी पडद्यावरही तेच. मोतीबिंदू झाला तर घाबरू नका, ऑपरेशनने दिसू लागतं. हे खरंच होतं आणि चांगलंच होतं. त्याला जोडून लोकांनी आपल्या पदरचंही बरंच काही घातलं होतं. मोतीबिंदू पिकू द्यायचा, कच्चा काढला तर डोळा जातो. ऑपरेशन थंडीतच करायचं, आपल्या उन्हाळ्यात जखम चिघळते. बाबाही हेच सांगायचे, कारण त्यांनी शिबिरात हेच ऐकलं होतं.

त्यांच्याकडे पितळी टॉर्च होता. आलेल्या माणसाला ओट्यावर बसवून ते त्याच्या डोळ्यात उजेड टाकायचे. बुबुळ पांढरं असलं तर म्हणायचे, "पिकला. थंडी पडली का काढून टाकू." राखाडी असलं तर, "कच्चा आहे, धीर धरा." आणि काळंभोर असलं तर, "स्वच्छ आहे तुमचा डोळा. दूध-तूप खा, घरी जा." माणूस निवांत होऊन जायचा. मला तेव्हा बाबांचा फार अभिमान वाटायचा, आणि थोडा रागही यायचा, कारण प्रत्येकासाठी चहा मला ठेवावा लागे.

आई शिवणकाम करायची. गल्लीतल्या बायकांची पोलकी, परकर, पोरींची झबली. चाळिशीचा चष्मा लावला की तिची नजर अशी बारीक, की इतर बायका आपापल्या सुया घेऊन दोरा ओवून घ्यायला तिच्याकडे यायच्या. ती दोरा ओठांत ओला करायची आणि पहिल्या झटक्यात नाक्यातून पार. तांदूळ निवडायला बसली तर खडा सुटायचा नाही. वर्षातून एकदा शिबिर उरकलं की बाबा गमतीने तिच्याही डोळ्यात टॉर्च टाकायचे. "तुह्या डोळ्यात तं काहीच नाही वं," म्हणायचे. ती म्हणायची, "नाहीच तं. मले काय धाड भरली." आणि हसायची.

पहिल्यांदा काय बिघडलं म्हणाल तर संक्रांतीचं हळदीकुंकू. आमच्या घरी होतं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, मसाला दुधाचे पेले घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बायका भिंतीला धरून चटईवर ओळीने बसलेल्या. शेजारच्या काकू जरा उशिरा आल्या आणि ओळीच्या टोकाला, आईच्या डाव्या बाजूला टेकल्या. त्यांचे यजमान तेव्हा छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होते. काकूंचा जीव कसा टांगणीला लागला असेल हे प्रत्येकीला ठाऊक होतं. आई एकेकीसमोर वाकून हळद लावत, कुंकू लावत, ओटी भरत पुढे सरकली. काकूंनी पदर सावरला, कपाळ पुढे केलं. आईने हातातलं ताट खाली ठेवलं, वळली आणि मला म्हणाली, "आण वं दूध, झालं सगळ्याइचं."

ज्या बाईचा नवरा दवाखान्यात आहे, तिला कुंकवाशिवाय ठेवणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. काकू उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. चपलांचा आवाज झाला तेव्हा आईने मान वळवली आणि विचारलं, "कोन गेलं गं?"

सगळ्या गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. माझा स्वभाव तेव्हापासूनच फटकळ.

"आई, काकूले काहून नाही लावलं कुंकू?"

"कोनत्या काकूले? ती तं आलीच नाही."

"तुह्या बाजूले बसली होती."

"नव्हती बसली. मी सगळीकडं पाहिलं."

तिचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. मी तर काकूंना माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग वेडं कोण, ती का मी? त्या रात्री मी स्वतःलाच विचारत राहिले, काकू खरंच तिथे बसल्या होत्या ना? दुसऱ्या दिवशी आई काकूंच्या दारी गेली, तर दार उघडलं नाही. काकांना पुढे बरं वाटलं, ते घरी आले, तरी काकूंनी आमच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. "पोलकी शिवून शिवून माज आला बाईले," असं त्या नळावर म्हणाल्याचं कानावर आलं.

त्यानंतर असं काहीबाही होतच राहिलं, आणि दर वेळी आम्ही त्याला वेगळंच नाव दिलं. चौकटीला खांदा आपटला, तर बाबा म्हणाले घाईघाई करते. ओट्यावरच्या दुधाच्या पातेल्याला कोपर लागून ते उपडं झालं, तर मी म्हटलं, लक्ष नसतं तुझं. रस्त्यात ओळखीची बाई बाजूने हाक मारायची तर ही भलतीकडेच बघायची. कोणी म्हणालं अशक्तपणा, कोणी म्हणालं पित्त, एकीने तर दृष्ट काढून दिली. आणि संध्याकाळी हीच बाई कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली काजं करत बसायची, एकही टाका इकडचा तिकडे नाही. डोळ्यांचा संशय यायचा तरी कसा? मला तर कधीकधी वाटायचं की ती मुद्दाम करते, आम्हा सगळ्यांना कंटाळली असावी. असा विचार आला की मी तिच्याशी आणखी तुटक वागायचे.

मग एकदा सीताबर्डीवर मी आणि ती कापड घ्यायला गेलो. दुकानातून उतरलो. डावीकडून सायकलरिक्षा येत होती, चांगली घंटी वाजवत. मी थांबले, आई सरळ चालत गेली. रिक्षावाल्याने ब्रेक करकचून दाबला, तरी हँडल लागून ती पडली आणि मनगट मुरगळलं. रिक्षावाला तिला उठवत म्हणत होता, "माताजी, मैं सामने से तो आ रहा था." आई म्हणाली, "कुठून आला गा तू? जमिनीतून निघाला का?" तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

रामदासपेठेत हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. मनगट बांधता बांधता त्यांनी सहज विचारलं, रिक्षा दिसली नाही का. आईने तेच सांगितलं, की रिक्षा नव्हती आणि एकदम झाली. ते थांबले. चार घरं सोडून डोळ्यांचे डॉक्टर बसत, त्यांच्याकडे दाखवून मगच घरी जा म्हणाले. बाबा तोवर निरोप मिळून ऑफिसातून थेट तिथे पोचले होते. त्यांना ते पटलं नाही.

"सुई ओवते वं ही," ते मला म्हणाले. "डोळ्याले काय होते? मी पाहिलं ना, मागचं शिबिर झाल्यावर." तरी गेलो. बाबांना त्या दवाखान्यात शिरताना जरा बरंच वाटत होतं. शिबिराच्या गोष्टी सांगता येतील, असं त्यांच्या मनात असावं.

डॉक्टरांनी आईला आडवं केलं, डोळ्यात बधिर करायचे थेंब टाकले आणि बुबुळावर एक लहानसं वजनाचं यंत्र टेकवून डोळ्यातला दाब मोजला. मग भिंग लावून बराच वेळ आत पाहिलं. नंतर तिला एका काळ्या पडद्यासमोर खुर्चीवर बसवलं. पडद्याच्या मधोमध एक पांढरी गुंडी होती. आईचा एक डोळा झाकून ते म्हणाले, "फक्त त्या गुंडीकडे पाहायचं. मी या काडीवरचा पांढरा मणी बाजूने आत आणतो. दिसला की सांगा."

काडी पडद्याच्या कडेवरून निघाली. काळ्या कापडावर तो मणी इतका ठसठशीत होता, की मला दारातूनही दिसत होता. आई गुंडीकडे बघत गप्प बसली होती. मणी पुढे सरकला. आई गप्पच. बाबा खुर्चीत पुढे झुकले. मणी आणखी आत आला.

"अवं, तो काय," बाबा म्हणाले. "डाव्या बाजूले."

"तुम्ही बोलू नका," डॉक्टर म्हणाले.

मणी आत आत येत राहिला. बाबा उभे राहिले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मण्याकडे, जणू आमच्यापैकी कोणीतरी त्यांना फसवत होतं. मणी गुंडीला जवळजवळ लागला तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "हां, आला आता." डॉक्टरांनी तिथे टाचणी टोचली. असं चारी बाजूंनी, दोन्ही डोळ्यांचं केलं. सगळ्या टाचण्या लागल्या तेव्हा उजव्या डोळ्याचं रिंगण पोळीएवढं झालं आणि डाव्याचं पुरीएवढं.

"एवढ्यात जे मावतं ते त्यांना दिसतं," डॉक्टर म्हणाले. "बाकीचं नाही. काचबिंदू आहे."

मी त्या पुरीएवढ्या रिंगणाकडे पाहत होते. त्यात सुईचं नाकं मावत होतं, तांदळातला खडा मावत होता, समोर बसलेल्या बाईचं कपाळ मावत होतं. बाजूला बसलेल्या काकू मावत नव्हत्या. मला रडू फुटलं. डोळ्यापुढे काळं असतं तर माणूस ओरडला असता. हिच्या डोळ्यापुढे काळंही नव्हतं, नुसतं जग कमी झालं होतं.

बाबा अजून उभेच होते. "पण डोळा तं स्वच्छ आहे जी तिचा. मी दर वर्षी पाहतो. काळाभोर आहे."

"काळाच असतो. आत दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू वाळत जाते. ते टॉर्चने दिसत नाही."

"मंग पिकू द्यावा लागन का?"

"हा पिकत नाही."

"थंडीत काढू मग. शिबिर आहेच आपलं."

डॉक्टरांनी काडी खाली ठेवली. "हा काढताही येत नाही. गेलेली नजर परत यायची नाही. उरली आहे ती थेंब टाकून सांभाळायची. वाट कशाचीच पाहायची नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, की हा घराण्यात चालतो, चाळिशी आली की दर वर्षी डोळ्यातला दाब मोजून घे, दिसत असलं तरी. मी आजही जाते. दिसतं म्हणून जात नाही असं म्हणणारे भेटले की मला त्यांच्याशी भांडावंसं वाटतं, आणि बहुतेक वेळा मी भांडतेच.

त्यांनी आईला विचारलं, "तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

आईने पदराने डोळे टिपले, थेंबांनी पाणी येत होतं. "जाणवलं ना. चार-पाच वर्सापासून बाजूचं नाही दिसत. पण हे दर वर्सी पाहत होते, काही नाही म्हणत होते. मले वाटलं, वय झालं का सगळ्याइलेच असं दिसते." मग आवाज बारीक करून म्हणाली, "लोकं येतात यांच्याकडं डोळे दाखवाले. घरातलीच रडत बसली तं काय म्हणतील?"

बाबा खाली बसले. घर आल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, "पांढरा डोळा चांगला होते आन काळा डोळा जाते. हे कसं काय?" मला स्वतःलाच ते उलटं वाटत होतं.

थेंब सुरू झाले आणि गोंधळ वाढलाच. औषधाने आईच्या डोळ्यातली बाहुली आखडून बारीक व्हायची, कपाळ ठणकायचं आणि सगळं अंधुक दिसायचं. औषध नव्हतं तेव्हा सुई ओवत होती, औषध आल्यावर ओवता येईना. "चांगला डोळा आहे त्यात औषध टाकून अंधार काहून करून राहिले तुम्ही?" ती बाबांना विचारायची. गल्लीत सगळ्यांचं मत पडलं की डॉक्टर लुबाडतोय. बाबा पूर्वी कोणत्याही प्रश्नाला उत्तर द्यायचे. आता ते बाटली हातात धरून घड्याळाकडे बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, "मले नाही माहीत. पण टाकू." आणि टाकायचे. एकही वेळ त्यांनी चुकवली नाही, ऑफिसातून दुपारी सायकल मारत घरी यायचे.

काकूंकडे मी गेले. दार त्यांनी उघडलं, पण ऐकून घेतलं नाही. "खडे दिसतात आन धिप्पाड बाई दिसत नाही? मले येडी समजली का?" त्यांना दोष तरी काय द्यायचा, मलाही पडदा आणि मणी पाहिल्याशिवाय पटलं नसतं. दोन दिवसांनी त्या आल्या. आई खाटेवर बसून उसवलेलं पोलकं बोटांनी चाचपत होती. काकू काही न बोलता तिच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. आईचं काम चालूच. काकूंनी हात वर केला, हलवला. आईने दोऱ्याची गाठ मारली. काकू तशाच मागच्या मागे दाराबाहेर गेल्या आणि आमच्या ओट्यावर बसून तोंडात पदर कोंबून रडल्या. मग त्या तोंड धुऊन पुन्हा आत आल्या, या वेळी समोरून, आणि म्हणाल्या, "काय वं, चहा देशीन का नाही?" आईला मधलं काही कळलं नाही. ती फक्त म्हणाली, "लय दिवसानं आली."

थंडी पडली तसे लोक पुन्हा ओट्यावर यायला लागले. बाबा त्यांना बसवायचे, डोळ्यात पाहायचे, पण टॉर्च लगेच विझवायचे. "मले काही समजत नाही गा. डॉक्टरले दाखवा," म्हणायचे. लोक नाराज होऊन जायचे. कोणी बाबांबद्दल म्हणायचं, भाऊ आता मोठे झाले. त्यांना खरं काय सलत होतं ते एके रविवारी कळलं. सायकल काढून ते बेसा गावाकडे गेले आणि दिवे लागल्यावर धुळीने माखून परत आले. आतापर्यंत "स्वच्छ आहे, घरी जा" म्हणून ज्यांना परत पाठवलं, त्यांना ते शोधत होते. "कोनाले शोधू?" ते मला म्हणाले. "पांढरे डोळेवाले सगळे आठवतात. काळे डोळेवाले एकही नाही आठवत." असे किती रविवार ते गेले, कोण सापडलं, मला माहीत नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

आईचा डावा डोळा पुढच्या काही वर्षांत गेला. उजव्यातली पोळी आकसत आकसत पुरीवर आली आणि मग थेंबांनी म्हणा, नशिबाने म्हणा, तिथे थांबली. हळूहळू आम्ही सरावलो. हाक मारायची ती समोर जाऊन, वाटेत काही ठेवायचं नाही. पण एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. बाबा आणि आई संध्याकाळी बसायचे ते वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने, दोघं भिंतीला पाठ लावून, ती खाटेवर आणि ते तिच्या डाव्या हाताला खुर्चीत. त्या पिढीत नवराबायको मुलांदेखत एकमेकांकडे तोंड करून बसत नसत. बोलायचे तेही समोरच्या भिंतीकडे पाहून.

एका संध्याकाळी बाबा ऑफिसातलं काहीतरी सांगत होते. सांगून झालं. आई म्हणाली, "तुम्ही समोर बसा जी. बाजूले बसले का तुम्ही नुसते ऐकू येता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत होते, मान खाली घातली. त्यांनी स्टूल ओढलं आणि अवघडून तिच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. आईने मान जराशी इकडे केली, जराशी तिकडे केली, आणि ते तिच्या त्या रिंगणात आले असावेत, कारण ती थांबली. बराच वेळ पाहत राहिली.

"तुमचे केस केव्हा पांढरे झाले जी?" तिने विचारलं.

बाबांनी डोक्यावरून हात फिरवला. "झाले हळूहळू," ते म्हणाले. "मलेबी नाही समजलं."